चाळीस तासांची तपासणी

स्फटिक केंद्राच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताच गिरीश आवटींनी पिशवीतून स्वतःचा तराजू काढला आणि शाल्मलीनं कपाळावर हात मारून घेतला.

“बाबा, प्लीज. इथं नको.”

“इथंच हवा. पत्रकात म्हणतायत वजन बाराशे ग्रॅम. छापायला काय जातंय?”

आता आवटींना ओळखणाऱ्याला यात नवल वाटलं नसतं. बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केलेला माणूस. मिरजेच्या बाजारात ते शिरले की दुकानदार आधी नमस्कार करायचे आणि मग काटा पुसायला घ्यायचे. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी खोड कुठली जातेय! घरात दुधाची पिशवी मोजल्याशिवाय पातेल्यात जात नसे. आणि ही शाल्मली म्हणजे लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली एकुलती एक लेक. तिला रत्नागिरीच्या सागरविज्ञान महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि आज तिचा कॉलेजचा लॅपटॉप निवडायचा होता. अशा दिवशी तराजू घरी राहता तरच नवल.

“बाराशे चाळीस,” आवटींनी जाहीर केलं.

टेबलापलीकडे केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीम सतारमेकर उभ्या होत्या. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या सतारी बनवायच्या. या बाई मात्र पदार्थविज्ञानात शिरल्या आणि स्फटिक वाढवू लागल्या. त्यांनी वाकून काटा पाहिला आणि त्या मोकळेपणानं हसल्या.

“खरंय तुमचं. स्फटिकाचं कवच आम्ही नंतर जाड केलं, पत्रक तसंच राहिलं. आजच बदलायला सांगते.”

झालं! त्या क्षणापासून आवटींना बाई फार आवडल्या.

समोर तीन लॅपटॉप होते. आवटींनी तिन्हींच्या बिजागऱ्या उघडझाप करून पाहिल्या, कळा दाबून पाहिल्या, एकाच्या पाठीला कान लावला. शेवटी शाल्मलीनं मधला उचलला आणि छातीशी धरला. “हा. याच्या कळा मऊ आहेत.”

“बिजागरी त्या तिसऱ्याची चांगली आहे हं.”

“बाबा, मी बिजागरीवर टाइप नाही करणार.”

“बरं बाई, तुझा तू बघ,” म्हणत आवटींनी तराजू गुंडाळला. “पण मॅडम, एक समजून घेऊ द्या. याला मुरता संगणक का म्हणतात? लोणचं आहे का हे?”

“लोणच्यासारखंच समजा,” डॉ. सतारमेकर म्हणाल्या. त्यांनी काचेच्या डबीतला नखाएवढा करडा तुकडा दाखवला. “हा स्मृतिस्फटिक. साध्या संगणकात वाटा आधीच आखलेल्या असतात. यात त्या नसतात. ज्या जागेतून विजेचा प्रवाह पुन्हा पुन्हा जातो, तिथले अणू सरकतात आणि तिथला विरोध कमी होतो. माणूस जे चालवून घेतो त्याची वाट रुंद होते. जिथं तो ‘नाही’ म्हणतो तिथं बांध पडतो. असे चाळीस तास झाले की स्फटिक घट्ट होतो. मग त्याच्या वाटा मोडत नाहीत, की नव्या पडत नाहीत. आमच्या अब्बांच्या हातची नवी सतारही अशीच असायची. ज्याच्या हाताखाली खुलली, त्याचीच झाली.”

“म्हणजे मालकाचं डोकं त्यात उतरतं?”

“डोकं नाही. डोक्याच्या सवयी. म्हणून पहिले चाळीस तास हिनंच यावर बसायचं. दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. एक स्फटिक वाढवायला आठ महिने लागतात. पुढची खेप एकदम फेब्रुवारीत. आणि हिच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यापासून समुद्राच्या नोंदी स्वतःच्या मुरलेल्या संगणकावरच घेतात. तो नसेल तर प्रवेश पुढच्या वर्षावर जातो.”

“कुणी वापरणार नाही,” आवटींनी शब्द दिला. आणि तो अगदी मनापासून दिला, हे इथं सांगून ठेवलं पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी शाल्मली मावशीकडे बेळगावला लग्नाला गेली. बारा दिवस. लॅपटॉप कपाटात ठेवून, कुलूप लावून, किल्ली आईच्या हातात देऊन गेली. आणि आईनं, म्हणजे जयश्रीबाईंनी, ती किल्ली तिसऱ्या दिवशी नवऱ्याला देऊन टाकली, कारण त्यानं डोकं खाल्लं होतं.

“अहो, पण तिनं वापरायचा नाही म्हणून सांगितलंय ना?”

“वापरतोय कोण? तपासतोय!”

इथंच माती खाल्ली आवटींनी. पण त्यांच्या बाजूनं बघा. बत्तीस वर्षं त्यांनी काट्यावर प्रमाणवजन ठेवलं, पाहिलं, उचललं. आणि उचलल्यावर काटा शून्यावर आला. तपासण्यानं काटा कधी झिजला नाही की बदलला नाही. तपासणी म्हणजे वापर नव्हे, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की बाईंचं बोलणं आणि आपलं करणं यात काही विरोध आहे, अशी शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नाही. लेक घरापासून लांब, समुद्राकाठी जाणार. तिच्या हातात न तपासलेली वस्तू द्यायची? छे!

तपासणीची त्यांची रीतही ठरलेली. काटा खरा आहे का हे पाहायचं तर त्याला खोटं वजन देऊन बघायचं. पकडतो का ते पाहायचं. लॅपटॉपला खोटं वजन म्हणजे काय? तर चुका! आणि चुका शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. पहिलीपासून बारावीपर्यंत शाल्मलीचं गणित त्यांनीच घेतलं होतं. पोरगी हुशार, पण घाईची. उणे चिन्ह पुढच्या ओळीत जाईपर्यंत हरवून टाकायची. उत्तराला एकक लावायची नाही. प्रश्न अर्धा वाचून सोडवायला घ्यायची. आवटींनी या साऱ्या चुका एकामागून एक यंत्राला घातल्या. ते चुकून पुढं गेलं की ‘नाही’ची कळ दाबायची, पुन्हा घालायची, थांबेपर्यंत घालत राहायची. कंटाळा आला की ते तिची वाक्यं घालत. ‘पाच मिनिटांत आले.’ ‘माझा सगळा अभ्यास झालाय.’ ‘खोली आवरली.’ यंत्रानं विश्वास ठेवला की, “अरे वेड्या, तिच्यावर भरवसा ठेवतोस?” म्हणून हसत पुन्हा ‘नाही’.

सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. दहा दिवसांत चाळीस तास भरले. आवटींनी लॅपटॉप पुसला, कपाटात ठेवला आणि वहीत लिहिलं: ‘यंत्र समाधानकारक.’

शाल्मली परतली ती हातावरच्या मेंदीसकट थेट लॅपटॉपवर जाऊन बसली. कॉलेज सुरू व्हायला आठवडा होता. चाळीस तास आरामात बसले असते. पाच मिनिटंही झाली नसतील, तोच आतून हाक आली.

“बाबा!”

हाकेचा सूरच असा होता की जयश्रीबाई पोळी तव्यावर टाकून आधी धावल्या.

“हा मला पुढं जाऊच देत नाहीये! दर ओळीला अडवतोय. ‘उणे चिन्ह कुठं गेलं?’ ‘एकक लावा.’ ‘प्रश्न पूर्ण वाचला का?’ माझ्या मैत्रिणीचा, रेवाचा, कसा पाण्यासारखा चालतो! हा असा... असा...” ती थांबली. वडिलांच्या चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं. “हा असा तुझ्यासारखा का बोलतोय?”

आवटींनी सगळं सांगितलं. लपवाछपवी त्यांना कधी जमली नाही. शाल्मली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. लॅपटॉप मिटून तिनं मांडीवर ठेवला आणि टपटप रडायला लागली.

“माझं वर्ष गेलं, बाबा.”

दुसऱ्यांच्या तराजूंना आयुष्यभर सील ठोकणाऱ्या माणसानं स्वतःच्या लेकीचा काटा बिघडवून ठेवला होता. त्या दिवशी आवटी जेवले नाहीत, आणि ‘भूक नाही, मी ठीक आहे’ असं दोनदा म्हणाले.

सकाळी तिघं प्रयोगशाळेत. डॉ. सतारमेकरांनी स्फटिकाला तारा जोडल्या, पडद्यावर त्याच्या वाटांचा आलेख उमटला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“पूर्ण मुरलाय. चाळीस तास आणि वर अकरा मिनिटं. पण आवटीसाहेब, हा तुमच्यावर मुरलाय.”

“मोडता येत नाही?”

“फोडता येईल. मोडता नाही येणार.”

“मॅडम, मी फक्त तपासत होतो हो,” आवटी म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. “वापरला नाही.”

“स्फटिकाला तो फरक कसा कळणार? त्याला प्रवाह कळतो. हेतू कळत नाही.” बाईंनी त्यांना खुर्ची दिली. “तुमचा काटा शून्यावर येतो. हा येत नाही. हा जे जे पाहतो, ते होऊन बसतो.”

जयश्रीबाई एवढंच म्हणाल्या, “मी किल्ली द्यायलाच नको होती.”

डॉ. सतारमेकर आलेखाकडे पाहतच राहिल्या होत्या. काहीतरी त्यांना खटकत होतं. “एवढे बांध?” त्या पुटपुटल्या. “पोरांच्या स्फटिकात वाटा असतात, बांध फार थोडे. इथं बांधच बांध. शाल्मली, एक काम करशील? ही आमची मापनपत्रिका. वीस प्रश्न आहेत. याच यंत्रावर सोडव.”

“काय उपयोग? हा माझा नाहीये. माझ्या मैत्रिणीचा, रेवाचा, पाण्यासारखा चालतो. हा नुसता अडवतो.”

“बघू तर खरं.”

शाल्मलीनं नाक ओढत पत्रिका सोडवली. अर्धा तास यंत्र तिला अडवत राहिलं, ती चिडत राहिली, दुरुस्त करत राहिली. शेवटी बाईंनी निकाल काढला आणि त्या खुर्चीतच मागं टेकल्या.

“तू अकरा चुका केल्यास. यानं दहा पकडल्या.”

“मग?” आवटींनी विचारलं.

“साहेब, पाच वर्षं मी ही पत्रिका मुलांकडून सोडवून घेतेय. स्वतःवर मुरवलेल्या यंत्रावर. अकरा चुकांतल्या चार पकडल्या गेल्या तरी आम्ही खूश असतो. पोरं भराभर जातात, तिसऱ्या वर्षाला अडकतात, आणि का ते मला कळत नव्हतं.” बाई उठून फेऱ्या मारायला लागल्या. “आता कळतंय. मूल जे चालवून घेतं त्याची वाट रुंद होते. मग त्याला जी चूक चूक वाटतच नाही, तिचीही वाट रुंदच होणार! पहिल्या चाळीस तासांत प्रत्येक पोरानं आपल्याच चुकांचा डांबरी रस्ता करून ठेवलाय. तुझ्या रेवाचा पाण्यासारखा चालतो म्हणालीस ना? चालणारच. तिला तो अडवेल कशाला?”

“आणि हा?” शाल्मलीनं डोळे पुसले.

“हा तुझ्या वडिलांनी मुरवला, पण स्वतःचं काही करायला नाही. चाळीस तास त्यांनी फक्त तुझ्या चुका घातल्या आणि त्या अडवल्या. तुझ्या चुका ज्याला तोंडपाठ आहेत, अशा माणसानं. अख्ख्या राज्यात तुझ्यासाठी याच्याहून चांगलं यंत्र नसेल, पोरी.”

शाल्मलीनं वडिलांकडे पाहिलं. “माझ्या चुका तुला पाठ आहेत?”

“बारा वर्षांच्या,” आवटी खाली मान घालून म्हणाले. “तिसरीतली वजाबाकीसुद्धा घातली होती.”

ती रडता रडता हसली, आणि पडद्यावर उमटलेले बोटांचे ठसे ओढणीनं पुसायला लागली. जयश्रीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला तो बाहेर बसलेल्या शिपायालाही ऐकू गेला असेल.

पण आवटी निरीक्षक होते. दहावर समाधान मानतील तर ते आवटी कसले! “मॅडम, अकरावी कुठली?”

“प्रश्न सतरा. यात माहिती मुद्दाम अपुरी दिलीय. बरोबर उत्तर एकच: ‘मदत हवी’ची कळ दाबायची आणि विचारायचं. हिनं मनानं एक आकडा धरला आणि रेटून नेलं. यंत्रानं हूं की चूं केलं नाही.”

आवटींनी प्रश्न वाचला. “मग त्यात चुकलं काय? अडलं तर आपलं आपण बघावं. उगीच कुणाला कशाला त्रास?”

डॉ. सतारमेकर टाळी वाजवून हसल्या. “सापडलं! ही चूक तुमची दोघांची एकच आहे. तुमचं मन जिथं अडखळतं तिथं हे यंत्र अडखळतं. तुमचंच जिथं अडखळत नाही, तिथं हे काय थांबणार? तेवढी एक जागा लक्षात ठेवा. तिथं याचा भरवसा धरू नका.”

“लक्षात ठेवतो,” आवटी म्हणाले. त्यांना वाटलं, गणितापुरती गोष्ट आहे.

शाल्मली रत्नागिरीला गेली. घर मोकळं मोकळं झालं. शेजाऱ्यांनी विचारलं की आवटी सांगायचे, “आम्ही मस्त! शांतता मिळाली.” आणि तिच्या रिकाम्या खोलीत जाऊन खिडकीची कडी तपासून यायचे. दिवसातून तीनदा.

तिचे निरोप मात्र वाचण्यासारखे असत. लॅपटॉप तिला थापा मारू देत नव्हता. ‘पाच मिनिटांत फोन करते’ असं लिहायला गेली की तो अडवायचा, आणि निरोप यायचा: ‘चाळीस मिनिटांत फोन करते. हा खडूस ऐकत नाहीये.’ एकदा आला, ‘सगळा अभ्यास झाला,’ आणि लगेच दुसरा, ‘बरं, दोन धडे राहिलेत.’ जयश्रीबाई हसून लोटपोट व्हायच्या. या यंत्रातून आलेलं अक्षर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, अशी दोघांचीही खात्री झाली.

तिसऱ्या आठवड्यात, जेवायला बसायच्या वेळी निरोप आला. आवटींनी मोठ्यानं वाचला. “‘मी मजेत आहे. जेवण छान असतं. मैत्रिणी खूप झाल्यात. काळजी करू नका, आणि मुद्दाम भेटायला वगैरे येऊ नका.’”

“चला, रुळली बाई एकदाची,” जयश्रीबाई म्हणाल्या. “आणि त्या लॅपटॉपनं अडवलं नाही म्हणजे खरंच असणार.”

“खरंच असणार,” आवटी म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

तो तुकडा हातातच राहिला.

सव्विसाव्या वर्षी ते प्रशिक्षणासाठी रांचीला गेले होते. चार महिने. दुसऱ्याच महिन्यात कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, भाषा कुणाची कळत नाही, खोलीत एकटे. आईचा फोन आला की सांगायचे, ‘मी मजेत आहे. जेवण छान असतं. तुम्ही कुणी येऊ नका.’ आईला ते मरेपर्यंत कळलं नाही, आणि जयश्रीबाईंनाही पुढं कधी नाही. हे खोटं आहे असं आवटींना तेव्हा वाटलं नव्हतं. आजही वाटत नव्हतं. माणसानं असंच सांगायचं असतं, नाही का? आपलं आपण बघावं. उगीच कुणाला कशाला त्रास?

यंत्र थांबलं नव्हतं. का थांबलं नव्हतं?

“अहो, काय झालं? जेवा ना.”

“जयश्री,” आवटी उठत म्हणाले, “सकाळची रत्नागिरीची पहिली गाडी किती वाजता असते गं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वसतिगृहाच्या फाटकाशी उभे होते. हातात जयश्रीबाईंनी पहाटे उठून केलेल्या धपाट्यांचा डबा होता. शाल्मली जिन्यावरून खाली आली. कुर्ता अंगात सैल झाला होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि तरीही चेहऱ्यावर हसू आणलेलं होतं. ते हसू आवटींनी ओळखलं. रांचीतल्या आरशात त्यांनी ते रोज पाहिलं होतं.

“कशाला आलास एवढ्या लांब?” ती म्हणाली. “मी लिहिलं होतं ना, मजेत आहे म्हणून?”

“लिहिलं होतंस,” आवटी म्हणाले. “म्हणूनच आलो.”

तिचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग ते मावळलं.

“आणि खरं सांगू का शालू?” ते म्हणाले. साठ वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणापाशी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते बाहेर यायला वेळ लागला. “मीपण नाहीये गं मजेत.”

शाल्मलीनं डब्यासकट त्यांना मिठी मारली आणि फाटकातच, येणाऱ्याजाणाऱ्या पोरींची पर्वा न करता, दोघं बापलेक मोठ्यानं रडू लागले.